दोन सीझन, साडेचार सॅक: पोरगा वाया गेला का?

न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांच्या आवडत्या अमेरिकन फुटबॉल संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजचे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायच्या पद्धतीच्या, पहिल्या फेरीत एक डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या लाइनच्या आत खेळणारा) घेतला. दोन सीझन झाले, त्याच्या नावावर एकूण ४.५ सॅक. घरात मुलगा म्हणतो हा 'बस्ट' निघाला, ऑफिसातला मित्र म्हणतो तिसऱ्या वर्षी बघा. हे स्वतः क्रिकेटवर वाढलेले. फलंदाज चांगला की वाईट ते त्यांना दहा चेंडूंत कळतं. पण दर वेळी ढिगाऱ्याखाली गडप होणारा हा दीडशे किलोचा माणूस कामाचा आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा सांगलीकडचा. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका हायस्कूलमध्ये गेली सतरा वर्षं डिफेन्सिव्ह लाइनच्या पोरांना शिकवतो. दिवसा नोकरी, साडेतीननंतर मैदान, शुक्रवारी रात्री मॅच आणि शनिवारी सकाळी डोनट खात टेप. हा खेळ मी स्वतः कधी खेळलो नाही. लहानपणी दोन वर्षं तालमीत अंगाला माती लावली तेवढीच, आणि खरं सांगायचं तर इथे मला तीच जास्त उपयोगी पडली.

तुमचा मुलगा सॅक मोजतोय. त्याला दोष देत नाही, कारण टीव्हीवर तेवढाच आकडा दाखवतात. क्वार्टरबॅकने पास टाकण्याआधीच त्याला लाइनच्या मागे पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर दोघांना अर्धा अर्धा. एनएफएल (इथली व्यावसायिक लीग) हा आकडा अधिकृतपणे मोजायला लागली १९८२ पासून. एंडला, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून धावत येणाऱ्याला, हा आकडा बराचसा लागू पडतो. आतल्या टॅकलला तो फार उशिरा लागू पडतो, आणि कधी कधी पडतच नाही.

२०१९ चा ड्राफ्ट घ्या, कारण आतल्या लाइनमनबद्दल तेवढा बोलका ड्राफ्ट दुसरा मला आठवत नाही. क्विनेन विल्यम्स तिसरा गेला, न्यूयॉर्क जेट्सकडे. एड ऑलिव्हर नववा, बफलोकडे. क्रिश्चन विल्किन्स तेरावा, मायामीकडे. डेक्स्टर लॉरेन्स सतरावा, जायंट्सकडे. जेफ्री सिमन्स एकोणिसावा, टेनेसीकडे. जेरी टिलरी अठ्ठाविसावा, चार्जर्सकडे. पहिल्या वर्षाचे सॅक बघा: विल्यम्स २.५, विल्किन्स २, लॉरेन्स २.५, सिमन्स २ (तो ड्राफ्टच्या आधी गुडघा मोडून बसला होता, नऊच मॅच खेळला), टिलरी २. ऑलिव्हरचे तेवढे ५. त्याच ड्राफ्टमध्ये विल्यम्सच्या एक जागा आधी गेलेल्या निक बोसाने ९ सॅक केले आणि सातव्या क्रमांकावर गेलेल्या जोश ॲलनने १०.५. ते दोघे एंड, हा आत खेळणारा टॅकल. पण न्यूयॉर्कात एवढा विचार कोण करतो? विल्यम्सच्या नावाने शंख सुरू झाला. पोरगा तेव्हा २१ वर्षांचा होता आणि अलाबामात पूर्ण वेळ स्टार्टर म्हणून एकच सीझन खेळून आलेला.

पुढे सिमन्सने २०२१ मध्ये ८.५ सॅक केले. विल्यम्सने २०२२ मध्ये १२, आणि ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात गेला. विल्किन्सला पाचवं वर्ष उजाडावं लागलं, २०२३ मध्ये ९. म्हणजे दोन सीझननंतर सॅक मोजून निकाल लावला असता तर सिमन्स आणि विल्किन्सला घरी बसवलं असतं.

यावर ऑफिसातला मित्र म्हणेल, बघा, थांबायचं असतं. तेही पूर्ण खरं नाही. लॉरेन्स आणि टिलरीचे पहिले तीन सीझन शेजारी शेजारी ठेवा. लॉरेन्स: २.५, ४, २.५, म्हणजे ९. टिलरी: २, ३, ४.५, म्हणजे ९.५. कागदावर टिलरी पुढे, वर त्याचा आलेख चढता आणि लॉरेन्सचा पडता. चौथ्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चार्जर्सने टिलरीला भर सीझनमध्ये सोडून दिलं. त्याच सीझनमध्ये लॉरेन्सने ७.५ सॅक केले, ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात आला आणि मे २०२३ मध्ये जायंट्सने त्याच्याशी ४ वर्षांचा, ९ कोटी डॉलरचा करार केला. टिलरी नंतरही लीगमध्ये टिकला, आणि ते सोपं नसतं. पण दोघांमधलं हे अंतर सॅकच्या रकान्यात कुठेच नव्हतं. टेपवर मात्र होतं.

टेप म्हणजे टीव्हीवरची मॅच नव्हे. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे पळतो, लाइन त्यात दीड सेकंद दिसते. तुम्हाला लागते ती 'ऑल-२२': बावीसही खेळाडू एका चौकटीत. २०१२ पासून ती सामान्य प्रेक्षकालाही पैसे भरून बघता येते. तिच्यात प्रत्येक डाउन (म्हणजे एकेक खेळी) दोनदा दिसतो, एकदा बाजूने उंचावरून आणि एकदा एंड झोनच्या मागून. बाजूचा कॅमेरा कोच लोकांना आवडतो. लाइनमन बघायचा तर मागचा. हात, कंबर, पाय, सगळं तिथे दिसतं.

आता एकच डाउन सावकाश बघू. पहिला डाउन, दहा यार्ड हवेत. आपला टॅकल गार्डच्या (समोरच्या संघाच्या आतल्या ब्लॉकरच्या) बाहेरच्या खांद्यासमोर उभा आहे, ज्याला थ्री-टेक्निक म्हणतात. बॉल उचलला. त्याने गार्डच्या छातीवर हात घातले, आणि तेवढ्यात बाजूचा ऑफेन्सिव्ह टॅकल (गार्डच्या शेजारचा ब्लॉकर) त्याच्या कुशीत घुसला. डबल टीम. दोघांचं मिळून वजन २८० किलोच्या घरात. या क्षणी कच्चा पोरगा सरळ उभा राहतो. बाजूने कोण आला ते बघायला मान वळवतो, मानेबरोबर कंबर वळते, आणि कंबर वळली की खेळ संपला. ते त्याला तीन यार्ड मागे ढकलत नेतात आणि त्याच्याच लाइनबॅकरच्या (लाइनच्या मागे उभ्या बचावपटूच्या) अंगावर नेऊन टाकतात. धावणारा सात यार्ड काढतो. तयार पोरगा याच क्षणी आणखी खाली जातो. ज्या बाजूने धक्का आला त्या बाजूची कंबर खाली सोडतो, खांदा त्या दुसऱ्या माणसात रुतवतो आणि अगदीच सुटत नसेल तर एक गुडघा टेकवून दोघांना घेऊन तिथेच बसतो. धावणाऱ्याला वाट नाही, लाइनबॅकर मोकळा. दोन यार्डांत खेळ खलास. स्कोअरशीटवर पाडण्याचं श्रेय लागतं लाइनबॅकरच्या नावावर, आपल्या पोराच्या नावापुढे काहीच नाही.

हे मला उशिरा कळलं. आठेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पोरगा होता, बुटका, रुंद, दर डाउनला जमिनीवर. मी शनिवारी टेपवर त्याच्यापुढे फुल्या मारत होतो आणि दुसऱ्याला खेळवायचं मनात पक्कं करून बसलो होतो. आमचे तेव्हाचे हेड कोच सत्तरीचे. त्यांनी टेप थांबवली आणि मला त्या पोराच्या मागच्या लाइनबॅकरचा शर्ट बघायला सांगितला. पावसातली मॅच, सगळे चिखलाने माखलेले, आणि याचा शर्ट तिसऱ्या क्वार्टरला जवळजवळ पांढरा. त्याच्यापर्यंत कुणी गार्ड पोचलाच नव्हता. पेपरात फोटो त्या लाइनबॅकरचा आला. माझ्या फुल्या मी खोडरबराने पुसल्या, पण कागदावर त्यांचे वळ राहिलेच.

तेव्हापासून रनच्या डाउनला मी आधी लाइनबॅकर बघतो, मग मागे येऊन टॅकल. तुम्हीही तसंच करा. लाइनबॅकर मोकळा पळतोय का? असेल तर तो कुणाच्या जिवावर?

टिलरीबद्दल पहिल्या वर्षापासून तक्रार होती ती हीच, की रनच्या डाउनला त्याला जागेवरून हलवता येतं. लॉरेन्सला हलवणं अवघड होतं तेव्हाही, सॅक अडीच होते तेव्हाही. १५५ किलो वजन घेऊन ड्राफ्टला आलेला माणूस. २०२२ मध्ये नवीन डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचे डावपेच आखणारे कोच) विंक मार्टिंडेल आले आणि त्यांनी त्याला थेट सेंटरच्या नाकासमोर उभं केलं, पासच्या डाउनलासुद्धा. सेंटरला एका हाताने बॉल मागे द्यायचा असतो, तो देईपर्यंत हा अंगावर. माणूस तोच. जागा बदलली आणि आकडे बदलले. म्हणून तुमच्या पोराबद्दल पहिला प्रश्न हा विचारा, की त्याला काम काय दिलंय? काही संघ टॅकलला एकच फट (दोन ब्लॉकरमधली जागा) देतात: घूस, बाकीचं आम्ही बघतो. काही संघ दोन फटी सांभाळायला लावतात: समोरच्याला हातांच्या लांबीवर धर, बॉल कुठे जातो बघ, मग सोड. दुसऱ्या कामात सॅक मिळवणं म्हणजे दुकानाचा गल्ला सांभाळत पाकीटमाराच्या मागे धावणं. विल्यम्सच्या बाबतीतही २०२१ मध्ये रॉबर्ट साला हेड कोच झाले आणि जेट्सची लाइन एका फटीत घुसणारी झाली. त्याचा फायदा त्याला झालाच.

पासच्या डाउनला मी घड्याळ लावतो. क्वार्टरबॅकच्या हातून बॉल साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत सुटतो. ईएसपीएन जो 'पास रश विन रेट' काढतं तो याच अडीच सेकंदांवर बेतलेला आहे. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असतात, त्यांवरून कळतं की याने एवढ्या वेळात आपल्या ब्लॉकरला मागे टाकलं की नाही. सॅकपेक्षा हा आकडा शंभर पटींनी शहाणा आहे, कारण जिंकूनही बॉल आधीच सुटून गेला तर त्यात बिचाऱ्या लाइनमनचा काय दोष. तरी त्यातही एक मेख आहे. दोघांविरुद्ध हरणं आणि एकट्याविरुद्ध हरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आकडा बघा, पण त्याच्याबरोबर डबल टीम किती वेळा लागली तेही बघा.

मग हात. तालमीत वस्ताद आधी मनगट सोडवायला शिकवायचे, डाव फार नंतर. इथेही तेच. गार्डला याच्या छातीचं पॅड हवं असतं. ते एकदा मुठीत आलं की ताकद असो नसो, पोरगा अडकला. एंड झोनच्या कॅमेऱ्यातून एकेक फ्रेम पुढे सरकवा आणि बघा, आधी कुणाचे हात आत पोचले? बॉल हलल्यावर पहिला पाय किती फ्रेमनंतर उचलला? आमच्या पोरांना आम्ही कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी छपराखालून पळत बाहेर यायला लावतो. डोकं वर काढलं की पाइपावर आपटतं. दहा दिवसांत बहुतेकांना अक्कल येते. व्यावसायिक खेळाडूला छप्पर नसतं, पण दमल्यावर तोही उभा राहतो. आत खेळणारा टॅकल सगळे डाउन खेळत नाही, आलटून-पालटून खेळवतात. त्यामुळे लांबलेल्या ड्राइव्हच्या (सलग चढाईच्या) दहाव्या-बाराव्या डाउनला त्याचा खांदा कुठे असतो, ते मी मुद्दाम बघतो.

सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणजे वाढतोय की नाही हे ज्यावरून कळतं, ते दुसरा डाव. कॉलेजात हे लोक एकाच डावावर जगलेले असतात, कारण समोर एकोणीस-वीस वर्षांची पोरं असतात. इथे समोर तिशीचा गार्ड. त्याने तुझी टेप मंगळवारीच बघितली आहे. बुल रश, म्हणजे छातीवर हात ठेवून सरळ ढकलत नेणं, पहिल्या वर्षी बहुतेकांना जमतं. गार्ड ते ओळखतो आणि वजन मागे टाकून बसतो. आता पोरगा काय करतो? तेच ढकलत राहिला तर तो अजून कॉलेजात आहे. गार्ड बसला हे हातांना कळल्याबरोबर त्याला स्वतःकडे ओढून बाजूने निघाला, तर त्याला खेळ कळायला लागला. भले त्या डाउनला तो क्वार्टरबॅकपर्यंत पोचो वा न पोचो. पहिल्या वर्षाच्या टेपवर हा दुसरा डाव मॅचभरात एकदा दिसतो आणि दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात चार-पाचदा, असं असेल तर मी त्याच्यावर पैसे लावीन.

आणि समोरच्यांकडे बघा. त्याला मानतात का, हे त्याच्याच विरोधकांना विचारायचं असतं. पासच्या डाउनला सेंटर सहसा एका बाजूला सरकून मदत करतो. कुठल्या बाजूला? तुमच्या पोराच्या बाजूला वारंवार सरकत असेल, तर दुसऱ्या संघाच्या कोचने बुधवारच्या मीटिंगमध्ये त्याच्या नावाभोवती गोल केलेला आहे. ॲरन डोनाल्डचं उदाहरण टोकाचं आहे, पण द्यायला हरकत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाचा, म्हणजे आमच्या गावचाच. २०१४ मध्ये तेरावा गेला, १३० किलोच्या आत-बाहेर वजन, या जागेला छोटा म्हणत होते. २०१८ मध्ये आतून खेळत त्याने २०.५ सॅक केले, समोर बहुतेक डाउनला दोन माणसं असताना. त्याच्या नावावर न लागलेले, पण त्याच्यामुळे एकट्याशी खेळायला मिळालेल्या शेजाऱ्यांनी केलेले सॅक कुणी मोजले नाहीत.

सॅकही सगळे सारखे नसतात. ४.५ सॅक असतील तर चार-पाचच क्लिप आहेत, बघायला दहा मिनिटं. क्वार्टरबॅक चार सेकंद बॉल धरून बसला आणि शेवटी याच्या हाती लागला, तो सॅक मागच्या कव्हरेजचा, म्हणजे पास झेलणाऱ्यांना रोखून धरणाऱ्यांचा. कुणीच ब्लॉक करायला आलं नाही, तो कोऑर्डिनेटरचा. एंडने क्वार्टरबॅकला आत पळवलं आणि हा वाटेत उभा होता, तो नशिबाचा. एकट्या गार्डला अडीच सेकंदांत हरवून घेतलेले किती उरतात? साडेचारांतले तीन उरले तर बरी गोष्ट. एकही नाही उरला तर तुमच्या मुलाची शंका रास्त आहे.

ड्राफ्टच्या आधीच्या आकड्यांवर मी फार वेळ घालवत नाही. व्हर्नन गोल्स्टनने कॉलेजच्या शेवटच्या वर्षी १४ सॅक केले होते, इंडियानापोलिसच्या चाचणीत १०२ किलोचा बार ३७ वेळा उचलला, २००८ मध्ये सहावा गेला आणि जेट्सकडे तीन सीझनमध्ये एकही सॅक केला नाही. डॅनियल हंटरचे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी १.५ सॅक होते, म्हणून तिसऱ्या फेरीपर्यंत राहिला, आणि दुसऱ्याच वर्षी मिनेसोटासाठी १२.५ करून मोकळा झाला. एकदा एनएफएलची टेप हातात आली की चाचणीचे आकडे कपाटात ठेवावेत.

एक कबुली मात्र द्यायला हवी. कॉल, म्हणजे त्या डाउनला कुणी काय करायचं ठरलं होतं, हे आपल्याला माहीत नसतं. पोरगा चुकीच्या फटीत गेला असं आपल्याला वाटतं, आणि खरं तर चुकलेला असतो लाइनबॅकर. माझ्या वहीत अशा डाउनपुढे मी प्रश्नचिन्ह काढतो आणि हिशेबात धरत नाही. शंभरातले दहा-पंधरा असे निघतात.

तर तुम्ही असं करा. दोन मॅच निवडा, एक पहिल्या वर्षाच्या सप्टेंबरातली, एक दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरातली. प्रत्येकीतले त्याचे ४० डाउन. वहीत पाच रकाने: पहिला पाय, हात आधी कुणाचे, डबल टीममध्ये हलला की नाही, दुसरा डाव केला की नाही, सेंटर कुणीकडे सरकला. बरोबर-चूक एवढंच लिहा, गुण देऊ नका, गुण द्यायला लागलं की माणूस आपल्या मनातलं लिहायला लागतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, आणि पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही हे संघाला तिसऱ्या सीझननंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ठरवावं लागतं. म्हणजे संघालाही अजून एक सीझन आहे, तुम्हालाही घाई नाही.

सुरुवात पहिल्या क्वार्टरपासून करू नका. चौथ्यापासून मागे मागे या, म्हणजे दमलेला पोरगा आधी दिसेल. आणि मुलाला शेजारी बसवा. रिमोट त्याच्याच हातात द्या, फ्रेम थांबवायला त्याची बोटं तुमच्यापेक्षा चपळ असणार. ८० डाउन भरले की वहीचे फोटो पाठवा, शनिवारी सकाळी मी तसाही टेपसमोरच असतो.